डॉक्टर कन्नडात बोलले, आईला मी मराठीत खोटं सांगितलं. आता समुपदेशनाला जावं का?

वडगावचा माग

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहितोय. लांब झालं तर सांभाळून घ्या.

मी बेळगावात वडगावला राहतो. घरचे चार पॉवरलूम, साड्यांचं काम. माझं वय ३७, बायको ३३. लग्नाला आठ वर्षं झाली. तिचं माहेर खानापूर तालुक्यात नंदगडजवळ, शिक्षण सगळं मराठी शाळेत. आईचं माहेर चंदगड, तिचं कन्नड भाजीबाजारापुरतं. वडील नाहीत. घरात आई, आम्ही दोघं, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांचा दीड वर्षाचा मुलगा.

चार वर्षांपूर्वी तपासण्या केल्या. हिचे रिपोर्ट नॉर्मल आले. माझा शुक्राणूंचा काउंट एका मिलीला ४० लाख, त्यातही हलणारे थोडे. खालची पातळी १ कोटी ६० लाखांच्या आसपास धरतात, असं डॉक्टरांनी समजावलं. म्हणजे अडचण माझ्याकडे. त्या दिवशी आई बरोबर आली होती. डॉक्टर कन्नडात बोलत होते, मध्ये मध्ये इंग्रजी. व्हरांड्यात आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणाले रे?" मी म्हणालो, "हिच्यात जरा कमतरता हाय. औषधं घ्यावी लागतील."

ही बाजूलाच उभी होती, फाईल छातीशी धरून. काही बोलली नाही.

मी ते ठरवून बोललो नाही, तोंडातून गेलं. पण दुसऱ्या दिवशी सुधारता आलं असतं, त्या महिन्यात सुधारता आलं असतं. मी सुधारलं नाही. चार वर्षं गेली.

या चार वर्षांत आईनं तिला कुणाकुणाकडं नेलं, काय काय काढे पाजले, किती सोमवार धरायला लावले, सगळं मी बघितलंय. यंदा संक्रांतीनंतर पुतण्याचं बोरन्हाण होतं. बायका जमल्यावर आई हिला म्हणाली, "तू आत तिळगुळाचं बघ." बाहेर बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे पोराच्या डोक्यावर पडत होते, पोरं वेचत होती आणि ही आत ताटल्या भरत होती. मी दारात उभा होतो. तेव्हाही गप्प.

दीड वर्षापूर्वी आयव्हीएफ सुरू केलं, इक्सी करून, म्हणजे अंड्यात एकच शुक्राणू सुईनं सोडतात ते. पतपेढीचं कर्ज काढलं, तिच्या पाटल्या गहाण आहेत. पोटातली इंजेक्शनं मीच देत होतो, रोज रात्री आठ वाजता, माग बंद करून. नर्सनं शिकवलं होतं. नऊ अंडी निघाली, शेवटी तीन एम्ब्रियो, म्हणजे गर्भ, राहिले. पहिलं ट्रान्सफर, म्हणजे एम्ब्रियो गर्भाशयात ठेवतात ते, वाया गेलं. दुसरं मार्चमध्ये गेलं. त्या वेळी कमरेच्या इंजेक्शनांच्या गाठी झाल्या होत्या, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकत होतो. बीटाचा, म्हणजे राहिलं का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट माझ्या फोनवर आला, मी मागावर होतो. खाली येऊन सांगितलं तर ती मागाच्या सुताच्या कांड्या भरत होती. मान हलवली आणि कांड्या भरत राहिली.

तेव्हापासून ती बोलत नाही म्हटलं तरी चालेल. कामापुरतं बोलते. रात्री अकरापर्यंत कांड्या भरते, एवढ्या लागतही नाहीत. एक एम्ब्रियो फ्रीझ करून ठेवलाय. त्याचं विचारलं तर एवढंच म्हणाली, "ठेवायचा असेल तर ठेवा, मी येते. मला विचारू नका."

क्लिनिकमध्ये सुरुवातीला समुपदेशन झालं होतं, म्हणजे कागदावर. एक मुलगी दहा मिनिटं कन्नडात बोलली, मी हिला मराठीत सांगितलं, फॉर्म इंग्रजी आणि कन्नड, दोघांनी सह्या केल्या. भाषांतर तेव्हाही माझंच.

आता विचारायचं हे. खऱ्या समुपदेशनाचा उपयोग होतो का? मराठीत बोलणारं कुणी मिळेल का? आई म्हणते ही सारखी मनाला लावून घेते म्हणून राहत नाही, यात तथ्य आहे का? आणि आईला आधी खरं सांगू की समुपदेशकाकडे आधी जाऊ?

खानापूरकर

दादा, वाचून जीव कसानुसा झाला. आमच्या बहिणीला अकरा वर्षांनी मुलगी झाली. सगळे उपाय थकल्यावर सौंदत्तीला डोंगरावर जाऊन आले दोघं, देवीवर सोडलं, डोक्यातून काढून टाकलं. पुढच्या वर्षी पाळणा हलला. डॉक्टर करायचं ते करतीलच. वहिनींना सांगा टेन्शन घेऊ नका, सगळं होईल. आईला आत्ता या वयात कशाला दुखवता?

निपाणीची अक्का

खानापूरकर भाऊ, तुमच्या भाचीला आशीर्वाद. डोंगरावर मीही गेले आहे, दोनदा. यल्लम्मापुढं बसून पोटभर रडले, आणि हलकं वाटलं हे खरं. पण "टेन्शन घेऊ नका, होईल" हे वाक्य मी सहा वर्षं ऐकलं आहे. ऐकणाऱ्या बाईला त्याचा अर्थ एकच लागतो, की झालं नाही ते माझ्या मनामुळं. आधी शरीर कमी पडलं, आता मनही कमी पडलं. कृपा करून कुणाला असं म्हणू नका.

वडगावच्या दादा, माझं सांगते. मी ४६ वर्षांची. आमच्यात अडचण माझ्याकडं होती. शाळेत असताना टीबी झाला होता, त्यानं दोन्ही नळ्या बंद. निपाणीहून कोल्हापूरला सकाळच्या गाडीनं जायचो, सोनोग्राफीच्या दिवशी तर उजाडायच्या आत. तीन ट्रान्सफर केली. पहिलं गेलं. दुसऱ्याला राहिलं आणि सातव्या आठवड्यात ठोके नाहीत म्हणाले. तिसरं गेलं. २०१६ साली थांबलो. आम्हाला मूल नाही.

दुसऱ्या वेळेनंतर मी तुमच्या बायकोसारखीच झाले होते. मी तंबाखूच्या वखारीचे हिशेब लिहायचे, ते घरी आणून रात्रीपर्यंत लिहीत बसायचे. कांड्या कशासाठी भरते ते मला कळतं. हात चालू असला की कुणी काही विचारत नाही.

मग कोल्हापूरच्या एका बाईंकडं गेलो, समुपदेशक होत्या. मी जायला तयार नव्हते, मला वाटलं वेड लागल्याचा शिक्का बसेल. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला दोन कागद दिले आणि म्हणाल्या, एकमेकांचं न बघता लिहा, अजून किती वेळा करायचं. मी लिहिलं एकदाच. यांनी लिहिलं पाच. कागद शेजारी ठेवले तेव्हा मला धक्का बसला. तीन वर्षं एका गाडीनं जात-येत होतो आणि हे एकमेकांना विचारलं नव्हतं. तिथंच भांडलो, त्यांच्यासमोर. दोन भेटींनंतर ठरलं, अजून एक, मग थांबायचं. तिसरं गेलं तेव्हा रडलो खूप, पण पुढं काय यावर पुन्हा भांडावं लागलं नाही.

दुसरं त्यांनी लावून दिलं ते असं. ट्रीटमेंटबद्दल दिवसातून वीस मिनिटं बोलायचं, संध्याकाळच्या चहानंतर. उरलेल्या वेळात विषय काढायचा नाही. आधी कृत्रिम वाटलं. पण त्यामुळं बाकीचा दिवस आमचा आम्हाला परत मिळाला, भाजी काय करायची, पाऊस कधी येणार, असलं साधं बोलणं परत आलं.

आता तुमच्या आईचं. तुम्ही चुकलात हे तुम्हाला माहीत आहे, मी ते परत सांगत नाही. पण उद्या उठून आईपुढं कबुली देऊ नका. आधी बायकोला विचारा. चार वर्षं तिनं तुमचं झाकलं आहे. ते तिनं प्रेमानं केलं, भीतीनं केलं की कंटाळून, तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही विचारलेलं नाही. ते कधी उघडायचं, कुणापुढं, ती तिथं असणार की नाही, हे तिला ठरवू द्या. नाहीतर तुमचं ओझं उतरेल आणि सासूचं रडणं परत तिच्याच पदरात पडेल.

"मला विचारू नका" म्हणाली, त्याचा अर्थ मला असा लागतो. डॉक्टरांचं बोलणं तुमच्या तोंडून, समुपदेशनाचं तुमच्या तोंडून, रिपोर्ट तुमच्या फोनवर. तिला थेट कुणी काही विचारलंच नाही आजवर. तिच्याशी मराठीत बोलणारं माणूस शोधा आणि पहिल्या वेळी तुम्ही बाहेर बसा.

एक गोष्ट अजून आठवते. यांच्या आत्यानं भर लग्नात मला विचारलं होतं, "तुझं काय चाललंय गं औषधपाणी?" हे ताटावरून उठले नाहीत, आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाले, "आमची ट्रीटमेंट चालू आहे, आत्या. आमची दोघांची." दोष माझ्याकडं असताना म्हणाले. ते "आमची" मी अजून विसरले नाही.

धारवाडहून

मी समुपदेशक आहे, मूळची बेळगावची, वंध्यत्वाचे उपचार घेणाऱ्या जोडप्यांबरोबर बारा वर्षं काम करते. अक्कांनी मुळाशी हात घातला आहे. मी तुमच्या नेमक्या प्रश्नांचं लिहिते.

मनाला लावून घेतल्यामुळं राहत नाही, हे खरं नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०११ साली १४ अभ्यास एकत्र करून पाहिले होते, ३,५८३ स्त्रियांचे. उपचाराआधी ज्या जास्त खचलेल्या होत्या, त्यांच्यात अपयश जास्त आलं असं दिसलं नाही. हे तुमच्या पत्नीला कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, आणि आईंनाही. ट्रान्सफरनंतर कळशी उचलली, जिना चढले, त्या रात्री रडले, यातल्या कशामुळं गेलं असेल का, हा हिशेब जवळजवळ प्रत्येक बाई मनात करत असते आणि कुणाला बोलून दाखवत नाही. अंथरुणाला खिळून राहण्याचाही फायदा दिसलेला नाही.

याचीच दुसरी बाजू, समुपदेशनानं मूल राहील असं वचन कुणी देत असेल तर त्यांच्याकडे जाऊ नका. ते त्यासाठी नसतं. ही वाट चालताना, ती कुठंही पोचली तरी, दोघं एकमेकांना हरवू नयेत म्हणून असतं. आणि पुढचा निर्णय दोघांनी समजून घ्यावा म्हणून.

क्लिनिकमधल्या सह्यांबद्दल. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ साली झाला, २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. उपचाराचे परिणाम, यशाची शक्यता, धोके, खर्च हे व्यावसायिक समुपदेशनातून जोडप्याला समजावून सांगणं त्यात क्लिनिकवर बंधनकारक आहे. समजावणं म्हणजे ज्याला समजायला हवं त्याच्या भाषेत. तुम्ही आता जाऊन म्हणू शकता की आम्हाला परत बसायचं आहे, आणि पत्नीशी मराठीत बोलणारं माणूस हवं. बेळगावात मराठी येणारी नर्स किंवा डॉक्टर मिळणं अवघड नाही, फक्त मागावं लागतं. घरच्या माणसाला दुभाषा करू नये हे आमच्या कामातलं पहिलं पथ्य. नवरा असो, सासू असो, नणंद असो, सांगणारा आपल्याला झेपेल तेवढंच पुढं देतो. तुमच्या हातून तेच झालं.

एम्ब्रियोची घाई नाही. कायद्यानं तो दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो, आणि अंडी काढली तेव्हा पत्नीचं जे वय होतं तेच त्याच्या बाबतीत महत्त्वाचं. दोन-तीन महिने थांबलात म्हणून तो जुना होत नाही. ठेवणावळीची पावती तेवढी वेळेवर करा.

आमच्याकडे पहिल्या भेटीत मी आधी दोघांशी, मग एकेकाशी वेगळं बोलते. वेगळ्या भेटीत कुणी सांगितलेलं दुसऱ्याला किंवा घरच्यांना सांगत नाही. साधारण पाऊण तास ते तास. काही जोडप्यांना तीन भेटी पुरतात, काहींना पुढच्या प्रत्येक ट्रान्सफरच्या वेळी यावंसं वाटतं. बीटाचा रिपोर्ट कुणाच्या फोनवर येणार, तो कुठं बसून उघडायचा, त्या दिवशी माग चालू ठेवायचे की बंद, हे सगळं आम्ही आधी ठरवून घेतो. बारीक वाटतं, पण त्या दिवशी माणसाला ठरवायची ताकद नसते.

काळजीची एक गोष्ट. मार्चपासून झोप नाही, जेवण कमी, कशातच मन नाही, असं आठवड्यामागून आठवडे चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला डॉक्टर लागतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, इकडे धारवाडला डिमहान्स ही मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. जगून काय करू असं बोलली, किंवा तसं तुम्हाला जाणवलं, तर वाट बघू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालू, मराठीतही बोलता येतं. "तुला मरावंसं वाटतं का" असं सरळ विचारायला घाबरू नका. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही.

आणि तुम्हीही झोपता का? ते तुम्ही लिहिलं नाही.

येळ्ळूरचा

मी जास्त लिहिणारा माणूस नाही. माझा रिपोर्ट शून्य होता. एकही नाही. वर्षभर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही दोन महिने नाही. शेवटी थोरल्या भावाला सांगितलं, भाताची लावण चालली होती, दोघंच बांधावर होतो. तो म्हणाला, "मग? डॉक्टर काय म्हणतोय?" बस. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल.

दादा, जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाचाही भाग असतो असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे आपल्या गल्लीत, आपल्या भजनी मंडळात आपल्यासारखे आहेत. कुणी बोलत नाही. तुम्ही बोललात. मागे फिरू नका.

वडगावचा माग

नऊ दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचं दोन-तीनदा वाचलं. ताई, नाही, झोप लागत नव्हती. आता थोडी लागते.

मी आधी हिला विचारलं. रविवारी माग बंद होते. मी तिच्या शेजारी बसून कांड्या भरायला लागलो आणि व्हरांड्यातलं बोललो. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. शेजारच्या अक्कांशी रोज कोण बोलतं? मला तेवढं कन्नड येतं." चार वर्षं मी समजत होतो की तिला फक्त फाईलमधलं माहीत आहे. तिनं डॉक्टरांचं ऐकलं होतं, आणि लगेच बाहेर येऊन माझंही ऐकलं होतं.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. म्हणाली, "तुम्ही आज सांगाल, उद्या सांगाल म्हणून." नंतर बराच वेळ रडली. मी पण. मग बोरन्हाणाचं बोलली, काढ्यांचं बोलली, दुसऱ्या बीटाच्या दिवशी मी जिन्यातूनच सांगितलं त्याचं बोलली. ते माझ्या लक्षातही नव्हतं. मरावंसं वाटतं का, हे ताईंनी सांगितलं तसं सरळ विचारलं. "तसं नाही," म्हणाली, "पण कुणी उठवू नये असं वाटतं." डॉक्टरांना हे सांगायचं ठरलंय.

आईला सांगताना मला समोर बसायचंय, असं तीच म्हणाली. गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर सांगितलं. रिपोर्ट काढून आकडे दाखवले, मराठीत. डॉक्टर त्या दिवशी काय म्हणाले होते आणि मी काय सांगितलं, दोन्ही सांगितलं.

आई बराच वेळ रिपोर्टकडं बघत राहिली. तिला वाचता येत नाही. मग मला म्हणाली, "तुझ्यात होतं, तर मग तिला एवढी इंजेक्शनं कशाला?"

मी इक्सीचं सांगायला लागलो, अंडी काढावी लागतात वगैरे, पण ते तिच्यासाठी उत्तर नव्हतं, हे मला बोलता बोलताच कळलं. आई उठून झोपायला गेली. काल आणि आज माझ्याशी बोललेली नाही. हिच्याशी बोलते. आज सकाळी काढ्याची बाटली फळीवर दिसली नाही, कुणी काढली मी विचारलं नाही.

क्लिनिकमध्ये सांगून ट्रान्सफर पावसाळ्यानंतर ढकललं. तिथल्याच एका मराठी येणाऱ्या सिस्टरनं समुपदेशकांचं नाव दिलं, त्या मराठीत बोलतात. शनिवारी चार वाजता जायचंय. पहिला अर्धा तास ती एकटी बसणार आहे.